डोळ्यातली वाटी आणि कोरी पाटी

एका प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हे लिहावयास बसलो. प्रश्न असा: ‘मला दिसते’ असे जेव्हा मी म्हणत होतो, तेव्हा मला खरोखर दिसत होते, की ते मला पाठ होते?

हा प्रश्न वेदान्ताचा नाही, बुबुळाचा आहे. माझ्या दोन्ही बुबुळांना एक विकार आहे आणि त्यावर उपाय म्हणून मी काही वर्षांपासून उजव्या डोळ्यात प्लॅस्टिकची एक मोठी लेन्स लावतो. आमच्या घरात तिला ‘वाटी’ म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणेन. विकाराचे वैद्यकीय विवेचन करण्याचा मला अधिकार नाही. मी सेलूच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. अशी वाटी ज्यांना लावावी लागेल, आणि ती लावलेल्या माणसाबरोबर ज्यांना राहावे लागेल, त्यांना उपयोगी पडेल तेवढेच सांगतो.

तक्ता

माझे पाठांतर चांगले आहे. त्याला कारण आहे. वडील रेल्वेच्या ठेकेदाराकडे रुळांवर खडी टाकण्याचे काम करीत. घरात पुस्तक विकत येत नसे. वर्गातल्या कुणाचे तरी एका संध्याकाळपुरते मिळे. परत देण्याआधी ते पाठ करून टाकणे, हाच ते जवळ ठेवण्याचा मार्ग होता. शिक्षक झाल्यावरही सवय गेली नाही. भूमितीचे पुस्तक न उघडता मी प्रमेये शिकवी आणि मुलांना त्याचे नवल वाटे. मलाही वाटे, हे कबूल करतो.

आमच्या शाळेत दरवर्षी नेत्रतपासणीचे शिबिर होई. डॉक्टर परभणीहून येत, पण पहिली चाळणी आम्हा शिक्षकांकडे असे. व्हरांड्याच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायचा, वीस फुटांवर खडूची रेघ मारायची, मुलाला रेघेवर उभे करायचे आणि छडीने एकेक अक्षर दाखवायचे. हे काम पाच-सहा वर्षे माझ्याकडे होते. शेकडो मुलांनी तो तक्ता माझ्यासमोर मोठ्याने वाचला. वर एक अक्षर, खाली दोन, मग तीन, अशी ती उतरंड शेवटच्या ओळीपर्यंत मला सतराच्या पाढ्यासारखी येऊ लागली, आणि ती येऊ लागली आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

पुढे काय झाले ते क्रमाने पाहू. कापसाच्या हंगामात आमच्या गल्लीत जिनिंगची रुई उडते. माझे डोळे फार खाजत आणि मी ते मुठीने चोळी. पंचविशी ओलांडली आणि फळ्यावरच्या रेघेला शेजारी एक फिकट रेघ दिसू लागली. दिव्याच्या ज्योतीला शेपटी फुटली. चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथे तोच छापील तक्ता होता. मी तो खालच्या ओळीपर्यंत वाचला. दुकानदार म्हणाला की नंबर मामुली आहे. वर्षाने पुन्हा गेलो, पुन्हा वाचला. शिबिराच्या डॉक्टरांपुढेही वाचला. अशा तीन परीक्षांत मी उत्तीर्ण झालो.

मी कुणाला फसवत नव्हतो. अंधुक अक्षराकडे पाहिले की त्याचे नाव आधीच जिभेवर येई, आणि नाव आले की अक्षर दिसल्यासारखे वाटे. ही चूक इतर कुणाच्या हातून झाली असती असे मला वाटत नाही. तिच्यासाठी आधी छडी हातात घेऊन तक्त्याशेजारी उभे राहावे लागते.

निदानाचा दिवस

एका सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना डाव्या डोळ्यात कळ आली आणि पाणी वाहू लागले. घरी येऊन आरशात पाहिले. बुबुळावर दुधाची साय धरावी तसा पांढरा ढग होता. त्या डोळ्याने हाताची बोटेही मोजता येईनात. माझी पत्नी कौसल्या हिने मुलीला आपल्या आईकडे सोडले आणि आम्ही गाडीने औरंगाबादला सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाई होत्या. मोजके बोलत. डावा डोळा त्यांनी आधी पाहिला. उजव्या डोळ्यासाठी त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याजवळ उभे राहून मला तो वाचायला सांगितला. मी वाचला. त्यांनी चष्मा काढायला लावून पुन्हा वाचायला सांगितला. मी पुन्हा वाचला, अगदी तसाच. मग त्या तक्त्याजवळून परत आल्या.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “शेवटच्या दोन ओळींत मी बोट उजवीकडून डावीकडे नेत होते. तुम्ही डावीकडून उजवीकडे म्हणून दाखवलंत.”

बाकावर बसलेल्या कौसल्येने मान खाली घातली. वर्गात नक्कल करताना सापडलेल्या मुलाचे कान कसे तापतात, ते मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर त्यांनी काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक तबकडी माझ्या डोळ्यासमोर धरली आणि तिच्या मधल्या छिद्रातून पाहिले. निरोगी बुबुळात ही वर्तुळे गोल उमटतात. माझ्या बुबुळात ती खाली ओघळल्यासारखी दिसत होती. त्यांनी कागदावर काढून दाखवले: बुबुळ चेंडूच्या पाठीसारखे असावे, तुमचे पातळ होऊन शंकूसारखे पुढे आले आहे. शंकूचे घनफळ मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. तो आकृतीत किती सुंदर दिसतो.

कौसल्येने विचारले, “ह्या दुसऱ्या डोळ्याचं बी आसंच व्हईल का?”

बाईंनी कागद बाजूला ठेवला. त्या वेळात बाहेर कुणीतरी बादली ठेवली, तिच्या कडीचा आवाज मला आजही आठवतो. मग त्या म्हणाल्या की होईलच असे नाही आणि होणार नाही असेही सांगता येत नाही. डावा डोळा सुधारायचा तर दुसऱ्याचे बुबुळ बसवावे लागते, त्यासाठी कुणीतरी मरणोत्तर डोळा द्यावा लागतो, आणि तो कधी मिळेल हे त्यांच्या हाती नव्हते. ते आमच्याही हाती नव्हते. आम्ही नमस्कार करून बाहेर आलो आणि व्हरांड्यात बराच वेळ नुसते उभे राहिलो, कारण यानंतर काय करायचे असते ते आम्हाला ठाऊक नव्हते.

साचा

उजव्या डोळ्यासाठी बाईंनी चिठ्ठी दिली होती. चष्म्याने तो सुधारणार नव्हता. त्याचे कारण सोपे आहे. खडबडीत फरशीवर थोडे पाणी ओतले की खाचखळगे बुडतात आणि वरचा पृष्ठभाग सपाट होतो. चष्मा डोळ्यापासून दूर असतो, तो हे खळगे भरू शकत नाही. पण डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी, बुबुळाला स्पर्श न करणारी एक मोठी वाटी पाण्याने भरून डोळ्यात बसवली, तर आतले पाणी शंकूचा वेडावाकडेपणा झाकते आणि प्रकाशाला वाटीचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. अशा वाट्या तेव्हा मुंबईत एक वयस्क तज्ज्ञ साचा घेऊन करीत असत.

साच्याचे वर्णन ऐकून कुणी घाबरू नये, म्हणून ते नेमके सांगतो. थेंब घालून डोळा बधिर करतात. मग उताणे झोपवून दात बसवणारे वापरतात तसला ओला लगदा पापण्यांच्या आत भरतात. तो घट्ट होईपर्यंत एका खुणेकडे एकटक पाहायचे असते. दुखत नाही. थंड आणि जड वाटते. मला खूण दिसतच नव्हती. ती असेल तिथे पाहत राहिलो.

त्या लगद्यावरून प्लास्टरचा डोळा केला गेला. तज्ज्ञांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मी त्यावरून बोट फिरवले. मधोमध एक टोक लागले, हरभऱ्याच्या दाण्याला असते तसे. आपला दोष असा हातात घेऊन चाचपता येतो, ही सोय फार थोड्या रोग्यांना मिळत असेल.

आम्ही धर्मशाळेत राहिलो. तीन वेळा वाटी घासून पुन्हा बसवली, तीनदा ती काचली. चौथ्या वेळी बसली. मी समोर पाहिले, मग खाली पाहिले. माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा खिसा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

मी कौसल्येला विचारले की हा निळा दोरा कधीपासून आहे. ती म्हणाली, “दोन वरीस झाले. पांढरा दोरा सरला व्हता. म्हनलं, ह्यांला कुठं दिसायलंय.”

मग ती हसू लागली, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. तिचा चेहरा मी नीट पाहिला. डाव्या भुवईजवळ एक नवा व्रण होता. तोही कधीचा ते मी विचारले नाही.

चार तास

वाटी लावण्याची रीत अशी. उकळून गार केलेले मिठाचे पाणी, प्रमाण दवाखान्याने दिलेले. टेबलावर आरसा आडवा ठेवून मान पूर्ण वाकवायची. वाटी काठोकाठ भरून तीन बोटांच्या शेंड्यांवर धरायची आणि खालून वर न्यायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. काढताना रबराची छोटी टोपी चिकटवून ओढायची. सुरुवातीला मला हे साधायला अर्धा तास लागे, आणि निम्म्या वेळा साधत नसे.

पण मुख्य गोष्ट वेळेची होती. बुबुळाला हवा लागते आणि वाटीखाली ती पुरेशी पोचत नाही. तज्ज्ञांनी सांगितले होते की अर्ध्या तासाने सुरुवात करा, हळूहळू चार तासांपर्यंत या, त्यापुढे नको. आणखी एक वाक्य ते म्हणाले होते. “दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, की घड्याळाकडे बघायचं नाही. वाटी काढायची.” मला त्यांनी एक नोंदवहीही दिली. रोज किती वेळ लावली ते लिहून सहा महिन्यांनी औरंगाबादच्या बाईंना दाखवायचे होते.

शाळा अकरा ते पाच. मी साडेअकराला वाटी लावी आणि साडेतीनला शिक्षकांच्या खोलीत काढी. शेवटचे तास तोंडी घेई. मुख्याध्यापकांना मी सर्व सांगितले होते. त्यांनी वेळापत्रक त्याप्रमाणे बदलून दिले. मुले पूर्वीपेक्षा जपून वागू लागली, कारण मागच्या बाकावरच्या गोट्याही आता मला दिसत होत्या.

साडेतीननंतर मी पुन्हा धुक्यात जाई, आणि त्या धुक्यात पावले मोजत घरी येई. घर, कौसल्या, आमची सहा वर्षांची मुलगी सुजाता, हे सर्व माझ्या वाट्याला रोज धुक्यातच येत असे. सकाळी वाटी नसे कारण ती शाळेसाठी राखायची, संध्याकाळी नसे कारण ती शाळेत संपलेली. मला हे योग्यच वाटत होते. पोट शाळेवर होते.

एकदा कौसल्या भाकरी थापता थापता म्हणाली, “शाळंला चार तास. आन् आमच्या वाट्याला उष्टा डोळा.”

मी तिला हिशेबाने समजावून सांगितले. ती ऐकून घेत होती. तव्यावरची भाकरी उलटण्याचा आवाज तेवढा आला.

कोरी पाटी

आमच्याकडे संध्याकाळी वंदना होते. वंदना झाली की सुजाता पाटी घेऊन माझ्याजवळ येई. तिने काय लिहिले आहे ते मला दिसत नसे. त्यावर मी एक शिक्षकी तोडगा काढला होता. मी पाटी हातात घेऊन दोन क्षण पाहिल्यासारखे करी आणि म्हणे, “आता वाचून दाखव.” ती वाची. मग मी म्हणे, “छान. पण ‘क’चा कान थोडा मोठा कर.” कुणाच्याही ‘क’चा कान थोडा मोठा करता येतो.

हे काही महिने चालले. एका संध्याकाळी तिने पाटी दिली, मी पाहिल्यासारखे केले, तिने पाच शब्द वाचले, आणि मी म्हणालो, “छान. ‘क’चा कान थोडा मोठा कर.”

ती उठली. पाटी घेऊन आत गेली. आत ती आईला काय सांगते ते मला ओसरीवर ऐकू आले.

“आये, पाटी कोरी व्हती. आबाला दिसत न्हाई. आबाला पाठ हाय.”

औरंगाबादच्या बाईंनी ज्यासाठी तक्ता आणि तबकडी वापरली, ते निदान सहा वर्षांच्या मुलीने कोऱ्या पाटीने केले होते. तिने ते कुणाला चिडवण्यासाठी केले नव्हते. तिला फक्त जाणून घ्यायचे होते. मी उठून आत गेलो नाही. 

नोंदवही

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळीही वाटी लावू लागलो. शाळेत चार तास लावून काढायची, दोन तास विश्रांती, मग घरी पुन्हा. आधी अर्धा तास, मग एक, मग तीन. सुजाताची पाटी मी खरोखर वाचली. तिचा ‘क’ मुळातच चांगला होता. ती मला अंगणातल्या मुंग्यांची रांग दाखवी, मी ती पाही. ती म्हणे, “किती हायत?” आणि मी मोजी. कौसल्या दूर बसून आमच्याकडे बघत असे. तिच्या तोंडावर काय आहे तेही मला दिसे.

त्या दिवसांत कंदिलाभोवती एक कडे दिसू लागले. आत निळे, बाहेर तांबूस. ते सुंदर होते. मी ते पाहिले, ते काय आहे हे मला माहीत होते, आणि मी कंदील थोडा दूर सरकवून ठेवला.

नोंदवहीत मात्र मी रोज लिहीत होतो: चार तास. अक्षर सुवाच्य, रकाने आखलेले. बरोबर उत्तर चार होते, म्हणून मी चार लिहिले. यापेक्षा दुसरे कारण मला आजही सापडत नाही.

तीन आठवड्यांनी एका पहाटे डोळ्यात कुणी तिखट कोंबावे तशा वेदनेने जाग आली. पापणी उघडेना. उघडली तेव्हा समोर पांढरे होते. दोन्ही डोळ्यांना आता पांढरेच दिसत होते. “दिवा लाव” असे मी म्हणालो. दिवा लावलेलाच होता.

खाट

पुन्हा तीच गाडी, तोच दवाखाना. बुबुळावर जखम होऊन ती पिकली होती. दोन्ही डोळे बांधले. दर तासाला कुणीतरी येई, पट्टी उचली, थेंब घाली आणि जाई. बांधल्या डोळ्यांनी दिवस ओळखायला मी शिकलो: फिनाइलचा वास म्हणजे सकाळ, मोठ्या किटलीची कडी वाजली म्हणजे चहा, चपलांचे आवाज वाढले म्हणजे भेटीची वेळ. पाणी प्यायचे तर कौसल्येची वाट पाहावी लागे. मूत्रीला जायचे तरी तिचा खांदा. पाठांतराचा तिथे काही उपयोग नव्हता. खाटेपासून दारापर्यंत अकरा पावले होती, पण मधे कुणी बादली ठेवील याचा भरवसा नव्हता.

शेजारच्या खाटेवर पाथरीकडचे एक म्हातारे शेतकरी होते. कापसाची पऱ्हाटी उपटताना काडी डोळ्यात गेली होती. सगळे त्यांना मामा म्हणत. मला थेंब घालायला नर्स आली की ते म्हणत, “मास्तर, लय पोरांचे कान धरले आसतील तुमी. आता ह्या बाईनं तुमचा डोळा धरलाय. हालू नगा.” एकदा मी रडत होतो. पट्टीखाली रडू नये, ते जखमेला वाईट, हे मला सांगितलेले होते.  मामा उठून चाचपडत आले आणि त्यांच्या घरून आलेला शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवून गेले. त्यांना एक डोळा होता, मला एकही नव्हता. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला त्या आठवड्यात सांभाळले.

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर बाईंनी नोंदवही मागितली. मला वाचता येत नव्हते. बाईंच्या हातात सुई होती, म्हणून त्या कौसल्येला म्हणाल्या की तुम्ही वाचा. कौसल्या चौथीपर्यंत शिकलेली आहे. ती अडखळत वाचू लागली. तारीख, चार तास. तारीख, चार तास. तारीख, चार तास.

बाईंनी तिला थांबवले. त्या म्हणाल्या की रोज चारच तास लावूनही असे झाले असेल, तर या डोळ्याला वाटी सोसत नाही. जखम भरली तरी ती पुन्हा लावता येणार नाही. कायमची बंद.

मी ऐकत होतो. खरे काय ते मला ठाऊक होते. चाळीस खाटांच्या त्या खोलीत, जिथे सगळे मला गुरुजी म्हणत होते, तिथे माझे तोंड उघडेना. माझ्या डोळ्याचा निकाल चुकीच्या नोंदीवर लागत होता आणि मी गप्प पडून होतो. यापेक्षा मोठी असहायता मी पट्टीखालीही अनुभवली नाही.

मग वही मिटल्याचा आवाज आला.

“बाई, हे खोटं हाय,” कौसल्या म्हणाली. “सांजच्याला तीन तास आनखी लावायले ह्ये. कंदिलाची काच मीच पुसते, रोज त्येल किती जळतं ते मला म्हाईत हाय. मी बी काई म्हनले न्हाई. लेकीकडं बगत व्हते, म्हनून मला बरं वाटायलतं.”

 मग बाई मला म्हणाल्या, “दिव्याभोवती कडं दिसत होतं?”

मी म्हणालो, “दिसत होतं.”

“किती दिवस?”

“पंधरा.”

पट्टी बांधल्यापासून मी दिलेले हे पहिले खरे उत्तर होते. कदाचित तक्त्यानंतरचेही पहिलेच. बाई रागावल्या. पण त्या म्हणाल्या की सात तासांनी जे झाले ते दोन तासांनी होईलच असे नाही. जखम भरू द्या, मग पाहू.

मामा पलीकडून हळूच म्हणाले, “मास्तर, मास्तरीनबाईनं पास केलं तुमाला.”

सध्या

जखम भरली. कडेला एक पांढरा ठिपका राहिला, तो मधोमध असता तर हे लिहिता आले नसते. पाच महिने वाटी बंद होती. त्या काळात मी बिनपगारी रजेवर घरी बसलो. बाजेवर बसून शेंगा फोडी, कारण त्याला डोळे लागत नाहीत.

आता मला दिवसाला अडीच तास मिळतात, काही दिवशी दोन. वाढतील असे कुणी म्हणत नाही. दीड तास शाळेला देतो, फक्त भूमितीला; मधे वाटी काढतो. राहिलेला तास घरी. डाव्या डोळ्यासाठी नाव नोंदवलेले आहे आणि अजून पत्र आलेले नाही. उजव्याचे उद्या काय होईल ते मला माहीत नाही. सकाळी डोळा उघडताना आजही मी आधी थोडा थांबतो.

सुजाता आता नऊ वर्षांची आहे. तिने एक नियम केला आहे आणि तो तिने मला विचारून केलेला नाही. घरच्या तासाचा अर्धा भाग झाला की ती पाटीवर काहीतरी लिहिते, मोठ्याने न वाचता दूर उभी राहते आणि विचारते, “आबा, दिसायलंय का पाठ हाय?” तिने काय लिहिले असेल याचा मला अंदाज येतो, ती माझीच मुलगी आहे. बरेचदा तो अंदाज बरोबरही असतो. पण मी तो सांगत नाही. अक्षरे दिसली तर वाचतो. नाही दिसली तर “दिसत नाही” एवढेच म्हणतो, आणि ती एक पाऊल पुढे येते. मी पुन्हा म्हणतो, “दिसत नाही.” ती आणखी एक पाऊल पुढे येते. कुठल्या पावलावर मी वाचले ते ती नोंदवहीत लिहून ठेवते. ही वही आता तिच्याकडे असते. गेल्या वर्षी सरासरी सहा पावले अंतर होते. या महिन्यात चार आहे. बाईंना आम्ही तसेच दाखवणार आहोत.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: मला अनेक वर्षे फार थोडे दिसत होते, बाकीचे पाठ होते, आणि हा फरक मला स्वतःला कळत नव्हता. तो दुसऱ्या माणसाने दाखवावा लागला.

माझे उत्तर एका माणसाच्या अनुभवाचे आहे. ते खरे मानू नका. एक डोळा हाताने झाका. घरातल्या कुणाला तरी पाटीवर, तुम्ही ऐकलेले नाही असे काहीतरी लिहायला सांगा आणि वीस फुटांवर उभे करा. मग डोळा बदला. दिसले नाही तर “दिसत नाही” असे म्हणा. कृपया हे आजच करून पाहा.